चाल हेही वाचनच : यशवंत देव यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने

शताब्दी साजरी करण्याचा आपला एक ठरावीक साचा आहे. कलावंत गायक असला तर त्याच्या गाण्यांचा कार्यक्रम होतो, लेखक असला तर परिसंवाद. संगीतकाराचे काय करावे, हे मात्र आपल्याला नीटसे उमगलेले नाही. त्याची गाणी गायिली जातात ती गायकाच्या नावाने आणि त्याने निवडलेल्या कविता शिकविल्या जातात त्या कवीच्या नावाने. दोहोंच्या मध्ये उभा असलेला हा माणूस निवेदकाच्या एका वाक्यापुरता उरतो. अर्थात मूठभर मोठी नावे याला अपवाद आहेत. नियम मात्र असाच आहे.

यशवंत देव यांचा जन्म १ नोव्हेंबर १९२६ रोजी पेण येथे झाला. मुंबईत ३० ऑक्टोबर २०१८ रोजी, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, त्यांचे निधन झाले. १ नोव्हेंबर २०२६ हा त्यांच्या जन्मशताब्दीचा दिवस. याच वर्षी, ३० एप्रिल १९२६ रोजी, श्रीनिवास खळे यांचा जन्म मुंबईत झाला होता. ते वाढले बडोद्यास. म्हणजे मराठी भावगीताचे दोन प्रमुख रचनाकार अवघ्या सहा महिन्यांच्या अंतराने शंभरीला पोहोचतात. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासातही १९२६ हे भरघोस साल आहे. मॉर्टन फेल्डमन, ग्यॉर्ग कुर्ताग आणि हान्स वेर्नर हेन्झे हे तिघेही त्याच वर्षी जन्मले. तिकडे अशा निमित्ताने एकेका रचनाकाराच्या कृती पुन्हा वाजविल्या जातात, हस्तलिखिते तपासली जातात, दुर्लक्षित रचनांवर निबंध लिहिले जातात. आपल्याकडे फार तर पंचवीस लोकप्रिय गाण्यांचा एक कार्यक्रम बसविला जाईल आणि त्यातली बहुतेक गाणी श्रोत्यांना आधीच पाठ असतील.

ही तक्रार केवळ संगीतरसिकांची असती तर साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडण्याचे कारण नव्हते. पण देव यांचा विषय मुळात साहित्याचाच आहे. आयुष्यभर त्यांनी एकच प्रश्न निरनिराळ्या वाटांनी विचारला : कविता गायची असेल तर शब्दाचे काय करायचे? या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले त्याला नाव दिले ‘शब्दप्रधान गायकी’. याच नावाचे पुस्तक त्यांनी लिहिले, त्यावर शिबिरे घेतली, आणि शेकडो गाण्यांतून ते करून दाखविले. मराठी काव्यसमीक्षेने या उत्तराची फारशी दखल घेतलेली नाही. ती का घ्यावी, आणि घेताना देव यांच्याशी कोठे वाद घालावा, हे सांगणे हा या लेखाचा हेतू.

१.

प्रथम थोडा इतिहास. पेण हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. धरमतरच्या खाडीने हा मुलूख समुद्राशी जोडलेला आहे. मुंबई जवळ, पण मध्ये पाणी. याच तालुक्यातल्या गागोदे गावी १८९५ साली विनोबा भावे जन्मले. गावाची ओळख मात्र गणपतीच्या मूर्तींची. किनाऱ्यावरच्या संगीताचा विषय निघाला की कोळीगीते आठवतात, बाल्यानाच आठवतो, देवळांतली कीर्तने आणि भजने आठवतात. अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यातल्या बेने इस्रायल समाजाने मराठीत कीर्तने रचली हेही एखादा जाणकार सांगतो. या यादीत यशवंत देव सहसा नसतात. त्यांच्या प्रसिद्ध गाण्यांत ना होडी आहे ना नाखवा. किनाऱ्याने ज्यांना आपले म्हणावे असे काही त्यांच्या चालींत वरवर ऐकू येत नाही, आणि म्हणून प्रादेशिक अभिमानाचे जे एक छत्र अनेक कलावंतांना मिळते तेही त्यांना मिळाले नाही. मला यात गैर काही वाटत नाही. तथापि एखाद्याचे विस्मरण कसे घडते याचे हे एक साधे कारण आहे : तो कोणत्याच यादीत सहजी बसत नाही.

देव मुंबई आकाशवाणीत आले ते सतारवादक म्हणून. पुढे ते तेथे संगीतकार झाले. ही नोकरीची तपशीलवजा गोष्ट वाटते, पण मराठी भावगीताच्या इतिहासात तिला मोठा अर्थ आहे. भावगीत जन्मले ते ध्वनिमुद्रिकेत. १९३० च्या दशकाच्या आरंभी जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची कविता गाऊन मुद्रित केली तेव्हापासून हा प्रकार रूढ होत गेला. गजाननराव वाटवे यांनी तो घराघरांत आणि गणेशोत्सवाच्या मांडवांत नेला. परंतु त्याला स्थैर्य दिले ते नभोवाणीने. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. चित्रपटसंगीताविषयीची त्यांची नापसंती प्रसिद्धच आहे. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांच्या या धोरणाची चेष्टा पुष्कळ झाली. पण त्याचा एक परिणाम चेष्टेत विसरला जातो. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. पगारी वादक, पगारी संगीतकार, दर महिन्याला नव्या गीताची गरज, आणि गल्ल्याची चिंता नाही. चांगल्या कवितेला चाल लावणे हे सरकारी नोकरीतले काम होऊ शकले, असा काळ महाराष्ट्रात एकदाच आला. पुणे केंद्रावर १९५५–५६ मध्ये ‘गीतरामायण’ झाले ते याच हवेत. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या त्या ५६ गीतांचे कौतुक पुरेसे झाले आहे. मुंबई केंद्रावर त्या दशकांत जे घडले त्याचा हिशोब मात्र अजून मांडला जायचा आहे.

या नोकरीने देव यांना आणखी एक गोष्ट शिकविली असावी, असे मला वाटते. नभोवाणीचा श्रोता गायकाला पाहत नाही. त्याच्या हातात शब्दांचा कागद नसतो. गाणे एकदाच वाऱ्यावरून येते आणि जाते. तेवढ्यात शब्द पोहोचला नाही तर तो गेलाच. मैफलीतला ख्यालगायक एखादा बोल दहादा घोळवू शकतो. रेडिओवरच्या गीताला काही मिनिटांत कविता सांगून संपवायची असते. ‘शब्दप्रधान गायकी’ या कल्पनेच्या मुळाशी काव्यप्रेम आहेच. पण माध्यमाची ही अटही आहे. देव यांच्या पत्नी करुणा देव, म्हणजे ‘प्रपंच’ मालिकेतल्या मीनावहिनी नीलम प्रभू, याही आवाजाच्याच माणूस होत्या. केवळ उच्चारातून, श्वासातून, विरामातून घर उभे करण्याची नभोनाट्याची कला आणि देव यांची गायनविषयक शिकवण एकाच इमारतीत वाढली, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

२.

आता प्रत्यक्ष चालींकडे वळू. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे संगीताच्या परिभाषेची भीती बाळगण्याचे कारण नाही. छंदःशास्त्राचे प्राथमिक ज्ञान पुरे आहे.

मंगेश पाडगांवकर यांच्या दोन गीतांची नावे घेतो : ‘या जन्मावर’ आणि ‘भातुकलीच्या खेळामधली’. दोन्हींचे संगीतकार यशवंत देव आणि गायक अरुण दाते. पहिले गीत जगण्याला होकार देणारे आहे. दुसरे लहान मुलांच्या खेळाच्या आडून एका ताटातुटीची गोष्ट सांगते. भाव परस्परांपासून इतके दूर, की ही दोन गीते शेजारी ठेवण्याचे कोणाच्या मनात येणार नाही. पण दोन्ही गीतांच्या पहिल्या ओळींच्या मात्रा मोजून पाहा. ‘या जन्मावर’ ८ मात्रा, त्यापुढे पुन्हा ८, आणि उत्तरार्धात १२, एकूण २८. (‘जगण्या’तला ‘ग’ लघूच धरायचा, कारण पुढच्या जोडाक्षराचा आघात त्याच्यावर येत नाही.) ‘भातुकलीच्या’ ८ मात्रा, ‘खेळामधली’ ८, उत्तरार्ध १२, पुन्हा २८. साचा तोच. १६ आणि १२ असे विभाग पाडणारी ही ओळ मराठीला जुनी ओळखीची आहे. साकीची ओळ हीच. किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त साक्या आहेत, म्हणजे १८८२ मध्ये मराठी रंगभूमीवरचा प्रेक्षक हेच वजन ऐकत होता.

विद्यार्थ्यांपुढे हा प्रयोग जरूर करावा. कवी एक, वृत्ताचे वजन एक, संगीतकार एक, गायक एक. तरीही दोन गीतांचा स्वभाव पूर्णपणे भिन्न. मग हा फरक आला कोठून? अर्थातून आला, हे उत्तर खरे आहे पण अपुरे आहे. मुद्रित पानावर दोन्ही ओळी एकाच ठेक्यात म्हणता येतात. साकी म्हणतात तशा म्हणून पाहा, दोन्ही बिनतक्रार बसतील. त्या ठेक्यात फरक बुडतो. चालीने तो वर काढला आहे. कोणत्या अक्षरावर थांबायचे, कोणता शब्द पुन्हा घ्यायचा, कोठे स्वर वर न्यायचा आणि कोठे नुसते बोलल्यासारखे सोडून द्यायचे, हे निर्णय संगीतकाराने घेतले आहेत. ‘भातुकलीच्या’मध्ये गोष्ट पुढे सरकत असते आणि चाल तिच्या आड येत नाही, सांगणाऱ्याचा आवाज कोठेही चढा होत नाही, म्हणून शेवटचे दुःख अंगावर येत नाही, आत उतरते. ‘या जन्मावर’मध्ये हीच संयत वृत्ती उपदेशाचा धोका टाळते. हे गीत मोठ्या आवाजात, व्यासपीठी ढंगाने गायिले तर त्याचे सुभाषित होईल. देव यांनी त्याचे स्वगत केले.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्ती साच्यातून निघते. पण डोळ्यांची आखणी हाताने होते, आणि साचा एक असूनही मूर्तीचा भाव वेगळा ठरतो तो तेथे. वृत्त आणि चाल यांचे नाते सांगायला मला याहून नेमका दाखला सुचत नाही.

आणखी दोन उदाहरणे घेऊ. ज. के. उपाध्ये यांचे ‘विसरशील खास मला’ हे गीत देव यांनी आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेतले. येथे ओळ सहासहा मात्रांच्या गटांनी चालते : ६, ६, ६ आणि शेवटी ४. शांता शेळके यांच्या ‘असेन मी नसेन मी’ची सुरुवात लघु-गुरू, लघु-गुरू अशी एकाआड एक आहे; बारा मात्रांचा हा तुकडा तीन-तीनच्या पावलांनी जातो. अशा रचना मोठ्याने म्हटल्या की तालाचे बीज त्यांच्यातच असल्याचे कळते. सामान्य संगीतकार या बीजावर खूष होतो आणि ठेका लावून मोकळा होतो. मग गाणे डोलू लागते आणि अर्थ मागे पडतो. विरहाच्या आशंकेची कविता पाळण्याच्या लयीत म्हटली जाते आणि ते कोणाला खटकतही नाही. शब्दप्रधान गायकीची पहिली अट येथे आहे : वृत्ताची लय आणि बोलण्याची लय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गीत दोहोंच्या ओढाताणीतून जन्मते. केवळ वृत्ताला धरून राहिले तर पाठांतर होते; केवळ बोलण्याला धरून राहिले तर गाणेच होत नाही.

ही जाण देव यांच्याकडे आली याचे एक कारण ते स्वतः कवीही होते. ‘कामापुरता मामा’ या चित्रपटातले लता मंगेशकर यांनी गायिलेले ‘जीवनात ही घडी’ हे गीत त्यांचेच आणि चालही त्यांचीच. याउलट ‘स्वर आले दुरुनी’ हे शब्द देवांचे, पण चाल प्रभाकर जोग यांची आणि स्वर सुधीर फडके यांचा. स्वतः संगीतकार असलेल्या माणसाने आपले शब्द दुसऱ्या संगीतकाराच्या हाती सोपवावेत, आणि ते गीत त्याच्या सर्वांत लोकप्रिय शब्दरचनांपैकी एक ठरावे, हे मला फार बोलके वाटते. शब्दाचा मालक कोणी एक नसतो, आपल्या शब्दाचे दुसऱ्याने केलेले वाचन आपल्यापेक्षा चांगले असू शकते, ही त्यामागची जाण आहे.

३.

येथवर देव यांच्या बाजूने. आता त्यांच्याशी वाद.

शब्द प्रधान आणि स्वर त्याचा सेवक, ही मांडणी ऐकायला न्याय्य वाटते; साहित्याच्या माणसाला तर ती सुखावतेच. पण तिच्यात एक अडचण आहे. हा वाद आपल्यापुरता नाही. १८१६ साली फ्रान्झ शूबर्टच्या मित्राने त्याची काही गीते योहान वोल्फगांग गटेकडे पाठविली. ती गटेच्याच कवितांवर केलेली होती. गटेने ती उत्तराविना परत केली. गटेला आवडत असत त्या रायशार्ट आणि त्सेल्टर यांच्या साध्या, प्रत्येक कडव्याला तीच चाल देणाऱ्या रचना. कवितेच्या पायात न येणाऱ्या. म्हणजे गटेही एका अर्थाने शब्दप्रधानतेचाच पुरस्कर्ता. आणि तरीही आज जर्मन गीताचा इतिहास लिहिताना केंद्रस्थानी येतो तो शूबर्ट, कारण त्याच्या स्वरांनी कवितेत जे होते त्यापेक्षा काही अधिक सांगितले. सेवकाने आज्ञेपलीकडे जाऊन काम केले.

मराठीत हा प्रतिपक्ष शोधायला लांब जावे लागत नाही. तो देव यांच्याच वयाचा आहे. श्रीनिवास खळे यांचे ‘श्रावणात घननीळा’ घ्या. शब्द पुन्हा पाडगांवकरांचेच. कडव्याकडव्याला स्वरांची वाट बदलते, श्रोत्याला पुढच्या वळणाचा अंदाज येत नाही. गाणाऱ्याची तर परीक्षाच. वा. रा. कांत यांच्या ‘बगळ्यांची माळ फुले’ला वसंतराव देशपांडे यांच्या कंठातून खळ्यांनी जे रूप दिले तेही असेच. या गाण्यांत शब्द दुय्यम आहे असे म्हणता येणार नाही. पण तो प्रधान आहे असेही म्हणवत नाही. शब्द आणि स्वर तेथे एकमेकांना ओढत नेतात. खळ्यांनीच ‘शुक्रतारा’सारखे सरळ, ओठांवर बसणारे गीत केले, राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला चाल दिली आणि २०२३ साली ते राज्यगीत झाले, हे लक्षात घेतले म्हणजे कळते की कठीण चाल हा त्यांचा हट्ट नव्हता. कवितेने मागितले तेव्हा त्यांनी स्वराला मोकळे सोडले.

म्हणून मला असे वाटते की ‘शब्दप्रधान’ ही संज्ञा देव यांच्या कामाला थोडी अपुरीच पडते. त्यांनी तत्त्व सांगितले सेवकाचे. पण त्यांच्या उत्तम चाली सेवक नाहीत, त्या वाचक आहेत. आणि चांगला वाचक हा आज्ञाधारक नसतो. तो निवड करतो. साकीच्या वजनातून ‘या जन्मावर’चे स्वगत काढणे ही निवड होती. ती कवितेत लिहिलेली नव्हती, कवितेला मान्य होती एवढेच. विंदा करंदीकर, वसंत बापट आणि पाडगांवकर यांनी काव्यवाचनाचे कार्यक्रम करून महाराष्ट्राला कविता कानांनी ऐकायला शिकविले, याचे श्रेय आपली समीक्षा त्यांना योग्यच देते. त्याच पाडगांवकरांच्या कवितेचे दुसरे, अधिक दूरवर पोहोचलेले वाचन देव आणि खळे यांनी केले. त्याला मात्र आपण ‘गाणे झाले’ एवढेच म्हणतो, आणि तेही किंचित नाक मुरडून. एखादी कविता गाणे झाली की ती काव्यगुणांत उणीच असणार, असा एक समज साठोत्तरी काळात आपल्या वर्गांतून पसरला. गेयता म्हणजे भाबडेपणा, असे समीकरण त्यामागे होते. भाबडी भावगीते पुष्कळ झाली, हे कबूल. पण त्यावरून प्रकाराला दोष देणे म्हणजे वाईट सुनीतांवरून सुनीत बाद करणे.

आता दुसरी आणि अधिक गंभीर अडचण. चाल हे वाचन असेल तर ते वाचन गोठलेले असते. ‘या जन्मावर’ आज कोणीही मराठी माणूस मनातल्या मनात चालीशिवाय वाचू शकत नाही. वर्गात ती कविता म्हणून शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाला याचा अनुभव येतो : मुले पहिल्या शब्दापाशीच गुणगुणू लागतात आणि मग कवितेचे बाकीचे अर्थ बंद होतात. देव यांचे वाचन इतके यशस्वी झाले की दुसऱ्या वाचनाला जागाच उरली नाही.

हा दोष चालीचा नाही, आपल्या प्रथेचा आहे. जर्मन गीतपरंपरेत गटेच्या मिन्योनचे गीत बेथोव्हेन, शूबर्ट, शूमान, लिस्ट, वोल्फ अशा अनेकांनी स्वरबद्ध केले. प्रत्येक चाल मागच्या चालीशी वाद घालते आणि वाचक श्रीमंत होतो. आपल्याकडे संतकाव्याच्या बाबतीत हे सहज घडते. तुकोबांचा एकच अभंग फडावरच्या भजनात एका चालीत, कीर्तनात दुसऱ्या, मैफलीत तिसऱ्या, आणि ‘अभंग तुकयाचे’ या ध्वनिमुद्रिकेत खळ्यांच्या चालीत ऐकला तर कोणी हरकत घेत नाही. आधुनिक कवितेच्या वाट्याला मात्र एक कविता, एक चाल, एक आवाज, एवढेच येते. ध्वनिमुद्रिकेने गीताला स्थिर रूप दिले. त्यामुळे ते टिकले आणि त्यामुळेच बंदही झाले. ख्यालाची बंदिश गायकागणिक बदलते. तेथे रचनाकार आपली मुद्रा शब्दांत गुंफून ठेवतो. जगन्नाथबुवा पुरोहितांनी ‘गुणिदास’ लिहावे, चि. रा. व्यासांनी ‘गुणिजन’ लिहावे, म्हणजे गाणारा कोणीही असला तरी नाव राहते. भावगीताच्या संगीतकाराला ही सोय नाही. त्याची कृती पाश्चात्त्य रचनाकाराच्या कृतीसारखी स्थिर आहे. पण त्या रचनाकाराजवळ असते ती स्वाक्षरीची छापील स्वरलिपी याच्याजवळ नाही. दोन्ही परंपरांतले तोटे तेवढे त्याच्या वाट्याला आले.

४.

तेव्हा शताब्दीचे काय करावे, या प्रारंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात, आणि त्या तिन्ही साहित्याच्या शिक्षकाच्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली अगदी साधी. पाठ्यपुस्तकात किंवा वर्गात एखादी स्वरबद्ध कविता आली की संगीतकाराचे नाव सांगावे. कवितेच्या स्वीकाराचा इतिहास शिकविताना कोणत्या मासिकात ती प्रथम आली हे आपण सांगतो. लाखो लोकांनी ती कोणाच्या चालीतून ऐकली हा त्याच इतिहासाचा भाग आहे. अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी मांडताना जनसंगीताला कलासंगीताच्या बरोबरीने अभ्यासविषय मानले. साहित्याच्या अभ्यासकांनी तेवढे औदार्य दाखवायला हरकत नसावी.

दुसरी : देव आणि खळे यांच्या चालींची स्वरलिपी, शब्दांच्या आघातांसह आणि विरामांसह, नोंदवून ठेवावी. संगीताचे आणि साहित्याचे विद्यार्थी एकत्र बसले तर हे काम होऊ शकते. एकटा संगीताचा विद्यार्थी स्वर लिहील आणि विराम सोडून देईल. एकटा साहित्याचा विद्यार्थी मात्रा मोजील आणि स्वर सोडून देईल. नभोवाणीवरून एकदा प्रसारित होऊन गेलेली जी गीते ध्वनिमुद्रिकेपर्यंत पोहोचली नाहीत त्यांच्यासाठी तर ही नोंद अधिकच निकडीची आहे. त्या काळातले वादक आणि गायक झपाट्याने कमी होत आहेत. अरुण दाते २०१८ च्या मे महिन्यात गेले, त्याच वर्षी ऑक्टोबरात देव गेले, प्रभाकर जोग २०२१ मध्ये गेले. चाल कशी बसली, कोठे बदलली, कोणत्या शब्दावर कवीशी वाद झाला, हे सांगणारे हे शेवटचे लोक.

तिसरी सूचना काहींना औचित्यभंगाची वाटेल. ज्या कविता देव यांनी स्वरबद्ध केल्या त्यांना नव्या संगीतकारांनी पुन्हा चाली लावाव्यात. ‘विसरशील खास मला’ला दुसरी चाल, ‘या जन्मावर’ला तिसरी. पहिल्या ऐकण्यात त्या सगळ्या वाईटच वाटतील. पण त्यामुळेच जुनी चाल ही एक निवड होती, अपरिहार्यता नव्हती, हे आपल्याला प्रथमच ऐकू येईल. पुतळा उभारल्याने रचनाकाराचा गौरव होत नाही असे नाही. पण त्याच्याशी स्पर्धा करणारा उभा राहिला तर तो अधिक होतो. शब्दाला प्रधान मानणाऱ्या माणसाची शताब्दी शब्दाला पुन्हा मोकळे करून साजरी व्हावी, यात मला तरी विसंगती दिसत नाही.

हे काहीच झाले नाही तरी एक गोष्ट घरी बसून करता येते. ‘भातुकलीच्या’चे शब्द कागदावर लिहून काढावेत. प्रथम ते साकीच्या ठेक्यात मोठ्याने म्हणावेत, मग गाणे लावावे आणि प्रत्येक विरामापाशी पेन्सिलीने खूण करावी. जेथे वृत्ताचा यती आणि चालीचा विराम जुळत नाहीत, ती जागा नीट पाहावी. यशवंत देव तेथे आहेत.